हँडल बाहेरूनही हवं : आपल्या बाल्कनीच्या दारांचा पंचवीस वर्षांचा इतिहास

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा’ असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा त्यांच्या मनात नोंदणी, बोअरवेल, लिफ्ट, कन्व्हेयन्स असे विषय असणार. त्यावर लिहायला आपल्याकडे माझ्यापेक्षा जाणकार मंडळी आहेत. मी लिहिणार आहे बाल्कनीच्या दाराच्या हँडलवर. हसू नका. सात वर्षं मी या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. त्या काळात मी जे निर्णय घेतले त्यांतला एक चुकला, आणि तो नेमका हँडलचा होता. त्याची हकिगत एकदा कागदावर यावी असं फार दिवस मनात होतं.

लाकडी दारांची अकरा वर्षं

2000 साली आपली सोसायटी नोंदली गेली. त्याआधी काही महिने आपण राहायला आलो होतो. बिल्डरने बाल्कनीला दिलेली दारं जुन्या मंडळींना आठवत असतील. साधं फ्लश डोअर, वर ऑइलपेंट, आतून एक टॉवर बोल्ट, मध्ये कडी आणि ओढायला पितळी मुलामा दिलेली मूठ. मुलामा पहिल्याच वर्षी गेला. आपल्या बाल्कन्या पश्चिमेला, सिंहगडाच्या बाजूला तोंड करून. संध्याकाळी गडावरचे दिवे दिसतात म्हणून आपण फ्लॅट घेतले, पण पाऊसही त्याच बाजूने येतो हे पहिल्या जूनमध्ये कळलं. दारं फुगली. जुलैत दार लागायचं नाही आणि लागलं तर उघडायचं नाही. सुतार येऊन रंधा मारून जायचा, मग उन्हाळ्यात त्याच दाराला बोटभर फट पडायची. तळमजल्यावर वाळवी लागली ती वेगळीच.

तरी त्या दारांचा एक गुण होता, जो तेव्हा कुणाच्या लक्षात आला नाही. वाऱ्याने दार आपटलं तरी ते नुसतं चिकटायचं, अडकायचं नाही. कडी कुणीतरी हाताने लावली तरच लागायची. आमच्या लहानपणी वाड्याच्या दाराला आडणा असायचा, खोल्यांना कडी-कोयंडा असायचा. अर्देशिर गोदरेज यांनी 1897 साली मुंबईत कुलपं करायला सुरुवात केली आणि पुढे घरोघरी नव्या तऱ्हेची कुलपं आली. पण कुलूप असो की कडी, माणसाने लावल्याशिवाय ते लागत नसे. दार आपलं आपण ‘खट्’ करून बंद होतं आणि मग उघडत नाही, हा प्रकार आपल्या घरात नंतर आला.

2011 : नवी दारं आली

2010 च्या पावसाळ्यानंतर सर्वसाधारण सभेत दारांवरून चांगलीच खडाजंगी झाली. कुणाला ॲल्युमिनियम हवं होतं, कुणाला सागवान. शेवटी यूपीव्हीसीवर एकमत झालं. हे म्हणजे आपल्या पाण्याच्या पाइपांचंच भावंड, पीव्हीसी, पण मऊ करणारी द्रव्यं न घातलेलं, म्हणून कडक. अशा खिडक्या जर्मनीत 1950 च्या दशकातच सुरू झाल्या होत्या. आपल्याकडच्या इमारतींत त्या दिसायला लागल्या त्या बऱ्याच उशिरा, 2000 नंतर. चौकटीच्या पोकळीत पोलादी पट्टी असते, कडेने रबरी गॅस्केट असतं, फुगणं नाही, वाळवी नाही, रंग द्यायचा नाही. 36 घरांचं काम एकदम दिलं तर भाव चांगला पडत होता. खर्च ज्याचा त्याने करायचा होता, पण कोटेशन आणि ठेकेदार सोसायटीचा, म्हणजे माझा.

कोटेशनमध्ये दोन दर होते. एक, आतून-बाहेरून दोन्हीकडे हँडल. दुसरा, हँडल फक्त आतून आणि बाहेरच्या बाजूला कोरी चौकट. दुसरा दर स्वस्त. मी सभेत उठून सांगितलं, “बाल्कनीत बाहेरून कोण येणार आहे? चोरच. त्याला हँडल कशाला द्यायचं?” सगळे हसले, टाळ्या पडल्या आणि ठराव झाला. इतिवृत्तात सूचक म्हणून माझं नाव आहे. मला तेव्हा फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं.

या दारात एक यंत्र असतं ते मी तेव्हा नीट पाहिलं नव्हतं. हँडल खाली दाबलं की आतली चौकोनी सळई फिरते आणि कुलपाची तिरकी जीभ आत जाते. हँडल सोडलं की स्प्रिंगने जीभ पुन्हा बाहेर येते. म्हणजे दार नुसतं आपटलं तरी जीभ चौकटीत जाऊन बसते. किल्ली लागत नाही, कडी लागत नाही. आणि बाहेर हँडल नसेल तर बाहेरच्या माणसाने काय करायचं? हा प्रश्न मला 2011 साली पडला नाही. पुढची नऊ वर्षं कुणालाच पडला नाही.

3 जून 2020

लॉकडाउनचे दिवस सगळ्यांना आठवतात. टाळेबंदी हळूहळू उठायला लागली होती आणि त्यातच निसर्ग चक्रीवादळ आलं. 3 जूनला दुपारी ते अलिबागजवळ किनाऱ्याला धडकलं आणि पुण्यातही वारा-पावसाने धुमाकूळ घातला. आपल्या गेटजवळच्या गुलमोहराची फांदी पडली ती त्याच दिवशी. वीज गेलेली होती.

बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी वाळत घातलेले कपडे काढायला बाल्कनीत गेल्या. वय 78. मागून वाऱ्याने दार आपटलं आणि जीभ बसली. घरात आजोबा होते, पण ते आतल्या खोलीत झोपलेले आणि कानाचं यंत्र काढून ठेवलेलं. मोबाइल घरात. आजींनी दार वाजवलं, हाका मारल्या. त्या वाऱ्यात खालच्या वॉचमनलाही काही ऐकू गेलं नाही. पाऊस थेट बाल्कनीत येत होता.

समोरच्या सी विंगमधल्या एका वहिनींनी खिडकीतून पाहिलं, आजी हातात टॉवेल घेऊन हलवताहेत. आधी त्यांना वाटलं, कपडे झटकताहेत. मग लक्षात आलं आणि त्यांनी मला फोन केला. मी जिना चढून वर गेलो. बेल बंद, कारण वीज नाही. दार बडवलं, उत्तर नाही, आतून कडी. शेजारच्या घरातला नववीतला मुलगा बाहेर आला. तो म्हणाला, “काका, थांबा.” जिन्याच्या बाजूला त्यांच्या झोपायच्या खोलीची खिडकी आहे, तिची वरची झडप उघडी होती. खुर्चीवर चढून त्याने मोबाइलचा टॉर्च आजोबांच्या तोंडावर चालू-बंद, चालू-बंद केला. मला दार तोडायचं सुचत होतं, त्याला उजेड सुचला. आजोबा दचकून उठले.

आम्ही आत धावलो. बाल्कनीच्या दाराच्या काचेपलीकडे आजी, पूर्ण भिजलेल्या. मी हँडल दाबलं आणि ते माझ्या हातात आलं. मानेपाशी मोडलं होतं. आजोबांनी आधीच त्याला सुतळी बांधून ठेवली होती, ती माझ्या नजरेत नंतर आली. आत चौकोनी सळईचं टोक तेवढं दिसत होतं. मुलगा पळत जाऊन घरून पक्कड घेऊन आला. पकडीने सळई धरून फिरवली तेव्हा दार उघडलं.

आजी जवळजवळ पाऊण तास बाहेर होत्या. ओठ निळे पडले होते. चहा, कोरडी शाल, आल्याचा काढा असं सगळं झालं. दोन दिवस ताप होता, आणि त्या दिवसांत ताप म्हटलं की सगळ्या मजल्याचा जीव टांगणीला लागायचा. सुदैवाने तो साधाच निघाला. मी चौकशीला गेलो तेव्हा त्या मास्कच्या आडून म्हणाल्या, “सेक्रेटरी, एक विचारू का? या दाराला बाहेरून हँडल का नाही हो?”

त्यांना उत्तर माहीत नव्हतं. मला होतं. मी “बघतो” म्हणालो आणि घरी आलो.

चुकीची बारा हँडलं

जुलैत आम्ही, म्हणजे मी आणि तो टॉर्चवाला मुलगा, मास्क लावून सगळी 36 दारं तपासली. 17 हँडलं ठीक होती, 14 सैल झाली होती आणि 5 मोडलेली. कुठे रबरबँड, कुठे चिकटपट्टी. एका घरात तर हँडलच्या जागी स्क्रू ड्रायव्हर खोचून ठेवला होता आणि घरातल्या सगळ्यांना त्याची सवय झाली होती!

2011 च्या ठेकेदाराचा फोन लागेना. म्हणून मी टेप घेऊन हँडलच्या पट्टीची लांबी-रुंदी मोजली आणि रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. दुकानदार म्हणाला, “जुनं हँडल आणलंय का?” मी म्हटलं, “माप आणलंय.” तो म्हणाला, “बघा बुवा, परत घेणार नाही.” मी बारा जोड्या घेतल्या. घरी येऊन लावायला गेलो तर पट्टी बरोबर बसत होती, पण किल्लीचं भोक कुलपावर येतच नव्हतं. सात मिलिमीटरचा फरक. मी सगळं आयुष्य कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात काढलेला माणूस, आणि नेमकं जे मोजायचं ते सोडून बाकी सगळं मोजलं. त्या बारा जोड्यांचे पैसे मी माझ्या खिशातून भरले. त्या अजून ऑफिसच्या कपाटात खालच्या खणात आहेत.

त्यातून जे शिकलो ते इथे नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढच्या सेक्रेटरीची खेप वाचेल.

पहिलं आणि सगळ्यांत महत्त्वाचं माप म्हणजे हँडलच्या सळईच्या मध्यापासून किल्लीच्या सिलिंडरच्या मध्यापर्यंतचं उभं अंतर. आपल्या दारांत ते 92 मिलिमीटर आहे. मी आणली होती ती 85 ची. बाजारात दोन्ही मिळतात आणि दिसायला अगदी सारखी असतात. दुसरं माप, पट्टीवरच्या वरच्या आणि खालच्या स्क्रूंमधलं अंतर. ते जुळलं नाही तर चौकटीत नवी भोकं पडतात आणि जुनी उघडी राहतात. तिसरं, सळईची जाडी. आपली 8 मिलिमीटर चौकोनी आहे. खिडक्यांच्या हँडलची सळई बहुधा 7 ची असते, ती इथे खुळखुळते. चौथं, दाराची जाडी, कारण सळई आणि स्क्रू त्या लांबीचे लागतात. पाचवं, दार डावं आहे की उजवं. काही हँडलं उलटी करून बसतात, काही नाही. आणि हे सगळं मोजूनही जुनं हँडल पिशवीत टाकून न्यावंच. दुकानदाराचं म्हणणं बरोबर होतं.

धातूचं म्हणाल तर मोडलेली पाचही हँडलं जस्ताच्या मिश्रधातूची, ओतीव होती, आतून पातळ. तसलीच पण वजनदार चांगली टिकतात. आपण स्टेनलेस स्टीलची घेतली ती पावसाचा मारा बघून.

हँडल का मोडतं?

इथे मला दुसरा धडा मिळाला. नवं हँडल लावून काम संपत नाही. जुनं का मोडलं ते आधी बघावं लागतं.

युक्ती सोपी आहे. दार उघडं ठेवून हँडल दाबून बघा. उघड्या दारात सहज चालतं आणि बंद दारात जड जातं, तर दोष हँडलचा नाही, दाराचा आहे. दार बिजागरीवर खाली उतरलेलं असतं आणि जीभ चौकटीच्या खोबणीत नीट जात नाही. उघड्या दारातही जड जात असेल, तर आतलं कुलूप खराब आहे. आणि हँडल आडवं न राहता मान टाकून लोंबत असेल, तर बहुतेक वेळा स्प्रिंग गेलेली असते, किंवा नुसते स्क्रू सैल असतात.

आपली बहुतेक दारं पहिल्या प्रकारातली निघाली. यूपीव्हीसी फुगत नाही हे खरं, पण उन्हाने वाढतं. दोन मीटरचा नुसता तुकडा 20 अंशांनी तापला तर अडीच-तीन मिलिमीटरने लांबतो. आतली पोलादी पट्टी त्याला आवरते, पण पूर्ण नाही. आपल्या दारांवर दुपारनंतरचं ऊन पडतं. म्हणून सकाळी हलकं चालणारं हँडल संध्याकाळी जड व्हायचं. आपण काय करायचो? जोर लावायचो. नऊ वर्षं रोज जोर लावल्यावर कुठलंही हँडल मोडेल. षट्कोनी ॲलन कीने बिजागरीचा स्क्रू थोडा फिरवून दार दोन मिलिमीटर उचललं की काम होत होतं. एवढ्यासाठी आपण नऊ वर्षं हँडलला दोष दिला.

चोराचा प्रश्न

त्या वर्षीची सर्वसाधारण सभा ऑनलाइन झाली. मी मांडलं की सगळ्या बाल्कनीच्या दारांना बाहेरूनही हँडल बसवावं, आणि 2011 चा ठराव माझ्या चुकीमुळे झाला होता हेही सांगितलं. एक काका लगेच म्हणाले, “म्हणजे आता चोराला आपणच हँडल देणार?” माझंच वाक्य मला परत मिळालं.

उत्तर असं आहे. रात्री आतून किल्ली फिरवली की कुलूप हँडलला जखडून टाकतं, मग आतलं काय आणि बाहेरचं काय, कुठलंच दबत नाही. सिलिंडर आतल्या बाजूलाच ठेवला तर बाहेरून किल्लीला भोकही नसतं. दिवसा आपण घरात असताना किल्ली फिरवलेली नसते, तेव्हा बाहेरचं हँडल दाबलं की दार उघडतं. चोरासाठी किल्ली आहे. हँडल आपल्यासाठी आहे. यावर बाकी कुणी काही बोललं नाही आणि ठराव मंजूर झाला.

बसवण्याचं काम जिकिरीचं होतं, कारण बाहेरची चौकट कोरी होती. पहिली दोन दारं एका कारागिराने करून दाखवली. आतलं हँडल काढायचं, कुलपाच्या चौकोनी भोकाच्या बरोबर मध्यातून बारीक ड्रिल सरळ बाहेर काढायचं, म्हणजे बाहेरच्या बाजूला अचूक खूण मिळते. मग त्या खुणेवर बाहेरून मोठं भोक. मध्ये पोलादी पट्टी लागली तर लोखंडाचंच बिट हवं. सळई घालायची, दोन्ही पट्ट्या बसवायच्या आणि लांब स्क्रू आतल्या बाजूने बाहेरच्या पट्टीत आवळायचे, म्हणजे बाहेरून कुणाला स्क्रू काढता येत नाहीत. आवळताना हात राखायचा, फार आवळले तर पट्टी वाकते आणि हँडल अडकतं. बाहेरच्या पट्टीच्या वर आणि दोन्ही बाजूंना सिलिकॉनची बारीक रेघ, खाली मात्र मोकळं, आत गेलेलं पाणी निघून जायला.

आणि एक नियम त्या कारागिराने सांगितला तो आम्ही कधी मोडला नाही. हँडल बसवलं की दार उघडं ठेवूनच आठ-दहा वेळा चालवून बघायचं. पहिल्यांदा बंद करताना एक माणूस आत आणि एक माणूस बाहेर. बाहेरच्या माणसाने स्वतः हँडल दाबून आत यायचं.

उरलेली 34 दारं मी आणि त्या मुलाने मिळून तीन महिन्यांतल्या रविवारी केली. पहिलं केलं ते आजींचं. बाहेर उभ्या आजीच राहिल्या, हट्टाने. हँडल दाबून आत आल्या आणि म्हणाल्या, “आता येऊ दे वादळ.” आजोबा म्हणाले, “काय?” कानाचं यंत्र पुन्हा काढलेलं होतं.

आज हे का लिहितोय

आजी आज 83 वर्षांच्या आहेत आणि हा लेख छापायला त्यांची परवानगी घेतली आहे. “माझे ओठ निळे झाले होते तेही लिहा,” असं त्यांनीच सांगितलं. तो मुलगा आता इंजिनिअरिंगला आहे. कुलपाची चारही मापं त्याने एका कागदावर लिहून ऑफिसच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहेत. शेजारी त्याच मापाच्या चार जोड्या आणि एक ॲलन की ठेवली आहे.

पण गेल्या वर्षी दोन घरांत नूतनीकरण झालं आणि इंटिरिअरवाल्यांनी बाहेरची हँडलं काढून चौकट पुन्हा कोरी केली, ‘क्लीन लूक’ म्हणून. नवी मंडळी आहेत, त्यांना 2020 माहीत नाही. त्यांना मी दोष देत नाही. मी स्वतः यापेक्षा स्वस्त कारणासाठी तेच केलं होतं. पण ठराव का झाला हे सांगणारं कुणी नसेल, तर ठराव कागदावर राहतो आणि दार पुन्हा आतूनच उघडायला लागतं.

म्हणून रौप्यमहोत्सवानिमित्त सर्व सभासदांना माझी एवढीच विनंती. येत्या रविवारी चहा झाल्यावर बाल्कनीचं दार उघडं ठेवा आणि बाहेरचं हँडल एकदा दाबून बघा. जड गेलं किंवा सैल लागलं तर ऑफिसात सांगा, ॲलन की तिथेच आहे. आणि हँडलच नसेल, तर एफ-2 ची बेल वाजवा. मी येतो.